पाच मैलांचं प्रस्थान

१२ डिसेंबर १९५५, सोमवार. संध्याकाळी सात.

नवी वही. माझ्याखेरीज ही कुणी वाचणार नाही, तेव्हा इथे खरं तेच लिहायचं. संकल्प पहिला.

कुमुदिनीचं कार्ड आलं, बदलापूरहून. मोजून पाच ओळी. उमाचा पाय मिरजेच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं आहे. हाड वाकडं सांधलंय, पुन्हा मोडून बसवावं लागेल. बुधवारी अठ्ठावीस तारखेला दुपारी दोनच्या गाडीने ती, उमा आणि तिचा भाऊ दिनानाथ निघणार. नंतर सांगलीला दिनानाथच्या सासरी राहायचं, उमाला तिथल्याच शाळेत घालायचं. शेवटची ओळ: 'नाताळात रजा घेऊन या. उमा वाट बघते. मोटार आणू नये.'

एकदा सांगलीला गेल्या की त्या दोघी परत यायच्या नाहीत. मी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये हेडक्लार्क आहे. इश्यू झालेला माल परत येत नाही हे मला कुणी शिकवायला नको.

बेत ठरला. पंचवीसला, फार तर सव्वीसला, मोटार घेऊन बदलापूर. दोघींना अंबरनाथला घरी आणायचं. मिरजेला मी नेणार. बाप मी आहे, दिनानाथ नव्हे.

'मोटार आणू नये' याचा अर्थ उघड आहे. तिच्या मनात मोटारीची भीती बसली. गेल्या वर्षी सव्वीस डिसेंबरला ह्याच रस्त्यावर बैल उधळला, आमची गाडी खड्ड्यात गेली आणि उमाचा पाय मोडला. पंचनाम्यात तसंच लिहिलेलं आहे. मी अगदी सावकाश चाललो होतो, ताशी पंधरा मैल. तेव्हापासून दोघी माहेरी. उपाय एकच, सुरक्षित ड्रायव्हिंग. इतकं सुरक्षित की कुमुदिनीने तोंडात बोट घालावं.

अंतर पाच मैल.

१४ डिसेंबर, बुधवार.

अमावस्या, त्यात सूर्यग्रहण. नवीन काम सुरू करण्यासारखा दिवस नाही. नियम मात्र लिहून काढले, कारण नियम लिहिणं हे काम नव्हे. ओव्हरटेक करायचं नाही, कुणालाही, कशासाठीही. बारा मैलांच्या वर स्पीड न्यायचा नाही. बैल दिसला की थांबायचं. वळताना हात बाहेर काढून खूण करायची, मागे कुणी नसलं तरी. रुळांकडे बघायचं नाही.

शेजारचा चिंतामणी ड्रॉइंग ऑफिसात आहे. त्याला नियम वाचून दाखवले. म्हणाला, सगळं ठीक, पण रुळांकडे का बघायचं नाही? मी म्हटलं, सुरक्षिततेत का विचारायचं नसतं.

मग तो म्हणाला, विष्णुपंत, मोटारीचं एवढं काय? इथून आगगाडीत बसलात की दहा मिनिटांत बदलापूर. उद्याच जाऊन या. उमाला भेटून वर्ष झालं तुम्हाला.

वर्ष होईल सव्वीसला. अजून झालेलं नाही. जाणं झालं नाही हे खरं. आधी स्टॉकटेकिंग, मग ऑडिट, मग पाऊस. पत्रं मात्र दर रविवारी न चुकता लिहितो. गणिताची एक बाहुलीपण पाठवली होती, मणी सरकवून बेरीज करायची. पोच आली नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार.

हाफ डे घेऊन उल्हासनगर, कॅम्प चार. लेखूमल मिस्त्रीच्या शेडमध्ये माझी बेबी ऑस्टिन वर्षभर ताडपत्रीखाली उभी आहे. मागच्या सीटमध्ये उंदरांनी बाळंतपण केलं. बाकी ठणठणीत. पुढचा चेपलेला मडगार्ड लेखूमलने केव्हाच ठोकून सरळ केलाय. ब्रेक नवे घालायला सांगितले. तो म्हणाला, साईं, ब्रेक तो तब भी अच्छा था.

मी विषय बदलला. सिंधी माणूस, जेवायला बसवल्याशिवाय सोडत नाही. बायकोने कोकी वाढली, कांदा घातलेली त्यांची जाड पोळी. जेवताना विचारतो, बेबी कैसी है? मी म्हटलं, ऑस्टिन ना? तो म्हणाला, नहीं साईं, आपकी बेबी.

मी म्हटलं, ठीक है. पत्रात तसंच असतं.

१८ डिसेंबर, रविवार.

प्रॅक्टिस. देवळापर्यंत जाऊन परत. चिंतामणीला साक्षीदार म्हणून शेजारी बसवलं. सर्व नियम काटेकोर. पहिल्या फर्लांगात चिंतामणी म्हणाला, विष्णुपंत, तुम्ही या मागून, मी पुढे जाऊन चहा सांगतो. उतरला आणि गेला चालत. हा हेवा. काहींना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

पुढे पिंपळाखाली बैलगाडी दिसली. नियमाप्रमाणे थांबलो. तीही थांबलेली. मी तिची वाट पाहिली, ती हलेना. पाऊण तासाने कळलं की गाडीवान भाकरी खात होता. मी थांबलोय म्हणून तो संकोचून लवकर उठेना, आणि तो उठत नाही म्हणून मी. शेवटी त्याने मला अर्धी भाकरी आणून दिली. लसणाची चटणी चांगली होती.

देवळापर्यंत पोचलो नाही, पण एक ओरखडाही नाही. प्रगती समाधानकारक.

एक गोष्ट नोंदवतो. त्या बैलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी काच वर केली. थंडी होती.

१९ डिसेंबर, सोमवार.

चिंतामणीच्या आई वेणूबाई पंचांग बघतात. आमच्या क्वार्टर्सच्या लायनीत त्यांना विचारल्याशिवाय कुणी पापडही लाटत नाही. नाताळात बदलापूरला जायचं म्हणताच त्यांनी चष्मा लावला. पंचवीसला रविवार, योग बरा नाही. सोमवारी पूर्वेला दिशाशूल. बदलापूर पूर्वेला की दक्षिणेला यावर आमची थोडी चर्चा झाली. वेणूबाई म्हणाल्या, आग्नेयेला, म्हणजे दोन्हीकडून अडचण. उत्तम मुहूर्त परवा बुधवारी, सकाळी सात चाळीस.

बुधवारी मला रजा नाही. वेणूबाई म्हणाल्या, अरे मग प्रस्थान ठेव. रुमालात अक्षता, सुपारी आणि हळकुंड बांधायचं, मुहूर्तावर घराबाहेर पडायचं आणि ती पुरचुंडी दुसऱ्याच्या घरी ठेवून यायचं. शास्त्राने माणूस निघाला. मग पाच दिवसांत केव्हाही जा.

आमच्या वाडवडिलांची बुद्धी काय वर्णावी! निघण्याचं निघणं, आणि ऑफिसही चुकत नाही.

२१ डिसेंबर, बुधवार. सकाळी आठ.

सात चाळीसला बदलापूरला निघालो. धूतवस्त्र, टोपी, देवाला नमस्कार. डाव्या हाताला शेजारच्या दारी, वेणूबाईंकडे गेलो, त्यांच्या देवळीत पुरचुंडी ठेवली, आणि परत येऊन चहा घेतला. अंगात हुशारी आली. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की खरोखर काही केलं.

त्या भरात कुमुदिनीला कार्ड टाकलं. 'सौ. कुमुदिनीस, आज सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मी निघालो आहे. उमाला सांगावे. काळजी नसावी, सावकाश येत आहे.'

मग ऑफिसला गेलो. बिजागऱ्यांचा हिशेब जुळत नाही.

२३ डिसेंबर, शुक्रवार.

बदलापूरहून दूध घालायला येणारा रघु. चांगला मिशाळ गडी, पण बोलण्याचा पोच नाही. चरवी ठेवता ठेवता म्हणाला, ताईनी इचारलंय, सायेब बुधवारी निंगालं ते कुठवर आलं?

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाला, कागद आल्यापासनं पोर वट्यावर बसून हाय. जेवाया उठत नाय. रस्त्यानं मोटार आली का कुबडी घेऊन उभी ऱ्हाते. दिनादादा बोलले, अगं पाच मैल हाय, आता कसले येतात? तर बोलते, बाबा सावकाश येतो म्हनलेत.

कुबडी. कार्डात कधी लिहिलं नव्हतं कुणी.

फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. दूध नासलं ते तसंच ठेवलं. पण दोष कुणाचा? प्रस्थान म्हणजे काय हे कुमुदिनीला माहीत असायला हवं, तिचे आजोबा भिक्षुकी करत. लहान मुलीला नीट समजावून सांगायचं तर तिला ओट्यावर बसवून ठेवली.

रघुला सांगितलं, सांग की रस्त्यात आहेत. तो म्हणाला, आवं पन तुमी तर घरात हाय. मी त्याला प्रस्थान समजावून सांगू लागलो. त्याचं पुढचं दूध उशिरा पोचलं एवढंच झालं.

२४ डिसेंबर, शनिवार.

अनर्थ. काल रात्री जेवण झाल्यावर चिंतामणीला सुपारी सापडेना, म्हणून त्याने देवळीतली पुरचुंडी सोडली आणि माझं निघणं अडकित्त्याने कातरून खाल्लं. हळकुंड आमटीत गेलं. वर मला म्हणतो, जरा जुनी होती हो सुपारी.

वेणूबाईंनी त्याला फैलावर घेतलं, पण झालं ते झालं. प्रस्थान मोडलं. त्या म्हणाल्या, आता मुहूर्तबिहूर्त राहू दे विष्णू, देवाचं नाव घे आणि ऊठ. लेकरू वाट बघतंय.

पंचांग बघणाऱ्या बाईने असं बोलावं! शास्त्राचा आधारच सुटला. तरी उद्या जातो. नक्की. गाडी लेखूमलकडून आणून दारात उभी केली आहे. पेट्रोल भरलं. मागच्या सीटवर स्वच्छ चादर घातली, उमाच्या पायाखाली घ्यायला उशी ठेवली.

२५ डिसेंबर, रविवार. नाताळ.

आधी रस्ता पाहून यावा म्हणून सकाळी पायी नाक्यावर गेलो. बरं झालं गेलो. मुंबईकर सुट्टीला सुटलेत. बदलापूरच्या नदीवर पोहायला म्हणून मोटारींमागून मोटारी. मोरीवर बसून नोंद केली. नऊ ते साडेअकरा, मोटारी एकतीस, त्यांत हाताने खूण करणारे दोन. गवताच्या गाड्या सत्तावीस. एक वरात, बँडसकट. टपावर माणसं बसलेली लॉरी एक. अशा गर्दीत निघणं हा निव्वळ बेजबाबदारपणा. कोणताही सुजाण बाप हेच म्हणेल.

शेवटी एक निळी फोर्ड आली. चालवणारा माझ्याच वयाचा. शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी सीटवर उभी, रिबिनी उडताहेत, बाप काहीतरी दाखवतोय आणि दोघं हसताहेत. मी मोरीवरून उडी मारून रस्त्यात आलो आणि ओरडलो, सावकाश! सावकाश! त्याला वाटलं वेडा आहे. मुलीने हात हलवला.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला खाली बसलो. मग घरी आलो. जेवलो नाही.

उद्या सुट्टी घेतली आहे. उद्या रस्ता मोकळा असेल.

२६ डिसेंबर, सोमवार.

निघालो. खरंच निघालो, सव्वादहाला. लायनीतले सगळे दारात. वेणूबाईंनी हातावर दही घातलं.

दीड मैल ठीक. दोन मैल ठीक. गेल्या वर्षीच्या त्या वळणाच्या अलीकडे इंजिन बंद पडलं. आपोआप. प्लगचा दोष असावा. पुष्कळ प्रयत्न केले. म्हणजे करणारच होतो.

गाडीत बसलो होतो तर मागून बैलगाडी आली. गाडीवान खाली उतरला. हिंदुराव. गेल्या वर्षीचा तो बैल ह्याचाच. मी काच वर केली. त्याने बाहेरून टकटक केलं. म्हणाला, सायेब, बिघाडली का?

काच खाली घ्यावी लागली.

भांडेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, पोरीला परवाच बघून आलो. बोरं नेली व्हती. दर बाजाराला जातो मी. आता कुबडीवर लई चपळ झालीय. मग म्हणाला, बैलाचं नाव तेवढं खराब झालं जी. पंचनाम्यात उधळ्या म्हनून लागलं, तवापासनं लग्नाच्या वराडाला कोन बोलवत नाय. गरीब जित्राब हाय. तुमी बगताय की.

बैल उभा होता. शेपटीने माश्या वारत होता.

मी म्हटलं, मी सावकाशच होतो, वीस-पंचवीसने. तो म्हणाला, व्हय जी.

मग त्याने दोर काढला. म्हणाला, जोडतो मोटारीला. बदलापूर दोन-अडीच मैल ऱ्हायलंय, घंटाभरात पोरीपुढं नेऊन उभं करतो.

मी विचार केला. बैलांनी ओढलेल्या मोटारीतून सासरवाडीला जाणं हेडक्लार्कला शोभत नाही. उमाला काय वाटेल? मी म्हटलं, अंबरनाथला ने.

हिंदुरावने माझ्याकडे पाहिलं. गाडी वळवली आणि मला घरी आणून सोडलं. लायनीतले सगळे पुन्हा दारात. चिंतामणी म्हणाला, आलात का घेऊन? मग त्याने रिकामी सीट पाहिली आणि आत गेला.

वाटेत एक चांगलं झालं. सबंध रस्ताभर सुरक्षित अंतर राखलं गेलं.

२७ डिसेंबर, मंगळवार.

लेखूमल स्वतः आला गाडी बघायला. बॉनेट उघडलं, मिटलं. आत बसला, चावी फिरवली, इंजिन लगेच चालू. म्हणाला, साईं, प्लग ठीक, सब ठीक. स्विच बंद था. बंद किसने किया?

मी बॉनेटवरची धूळ झटकली. त्याने फडक्याने हात पुसले. मग म्हणाला, मेरे गराज में सब पार्ट मिलता है. भाभीजी को बोलने का जो बात है, उसका पार्ट नहीं मिलता. वो आप ही को बनाना पड़ेगा.

गेला. मजुरी घेतली नाही.

वही माझीच आहे. कुणी वाचणार नाही.

गेल्या वर्षीचं खरं असं. बदलापूरला जाताना रस्ता रुळांच्या कडेने जातो. कर्जतकडे जाणारी आगगाडी आली. उमा मागच्या सीटवर उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, ती आपल्यापुढे चालली! मी म्हटलं, बघूया कोण जातं ते. कुमुदिनी म्हणाली, अहो, सावकाश. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा तिने खांद्यावर हात ठेवला, मी हसलो. काटा चाळिसाच्या पुढे होता. आम्ही इंजिनाच्या बरोबरीला आलो, उमा टाळ्या वाजवत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. वळणावर हिंदुरावची गाडी आपल्या बाजूने चालली होती. मी रस्त्याकडे बघतच नव्हतो. बैल उधळला नाही. आवाज झाला म्हणून त्याने मान वर करून पाहिलं, तोवर आम्ही खड्ड्यात होतो.

दवाखान्यात कुमुदिनीने एकच सांगितलं होतं. एकदा म्हणा, माझी चूक झाली, मग मी पुन्हा हा विषय काढणार नाही. मी म्हटलं, पंचनामा वाच.

उद्या जाऊन म्हणतो. तीनच शब्द आहेत. गाडी दोनची आहे, सहाला निघतो. सातला तिथे.

२८ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी.

सहाला निघणार होतो. गाडी धुतली, कारण मागे बैलांच्या पायांची धूळ होती. मग दाढी. मग वाक्याची तालीम. आरशात चांगलं जमलं. निघायला अकरा वाजले.

दत्तजयंती. रस्ता भरलेला, गावोगावच्या गाड्या दत्ताच्या देवळाकडे. मी सगळे नियम पाळले. प्रत्येक बैलाला थांबलो. ते वळण गेलं. गाडी बंद पडली नाही. डोळे पुसायला थांबलो तेवढाच. दीड वाजता बदलापूर स्टेशन मागे टाकलं आणि गावाकडे वळलो.

अर्ध्या मैलावर समोरून हिंदुरावची गाडी. पुढे दिनानाथ, आत कुमुदिनी, आणि गवतावर गोधडी घालून उमा. पाय सरळ पसरलेला. केवढी मोठी झाली! मी नियमाप्रमाणे डावीकडे घेऊन थांबलो. गाडीही थांबली.

कुमुदिनीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बोला.

मी म्हटलं, गाडी एकदम सुरक्षित आहे. ब्रेक नवे आहेत. बाराच्या वर स्पीड नेत नाही. ओव्हरटेक तर अजिबात नाही. बसा दोघी.

ती म्हणाली, आणखी?

मी म्हटलं, उशी आणली आहे.

ती जरा वेळ थांबली. खरोखर थांबली. मग उमाला म्हणाली, बाबांशी बोल. उमाने विचारलं, बाबा, तुम्ही मागच्या बुधवारी निघाला होतात ना? मग इतके दिवस कुठे होतात?

मी म्हटलं, रस्त्यात गर्दी होती.

ती म्हणाली, मला वाटलंच.

दिनानाथ म्हणाला, भाऊजी, गाडीची वेळ झाली. कुमुदिनीने अंग चोरून गाडीत जागा केली. म्हणाली, मोटार राहू दे इथेच. चढा वर. मिरजेला चला आमच्याबरोबर.

जागा केली होती तिने. उमाच्या शेजारीच. मी मोटारीकडे पाहिलं. म्हटलं, वाहन रस्त्यात बेवारस सोडता येत नाही. तुम्ही व्हा पुढे, मी मागोमाग आलोच स्टेशनवर.

 कुमुदिनी पदराने डोळे टिपून म्हणाली, हिंदुराव, चला.

मोटार वळवायची होती. रिव्हर्सची प्रॅक्टिस केलीच नव्हती. पुढे-मागे, पुढे-मागे, अकरा वेळा. तेवढ्यात मध्ये गवताच्या तीन गाड्या आल्या. रस्ता रुंद होता. समोरून कुणी नव्हतं. हॉर्न देऊन सहज पुढे जाता आलं असतं. दोनदा हात हॉर्नवर गेला. गवताच्या वरून उमाची कुबडी दिसत होती, ती हलवत होती मला दिसावी म्हणून.

मी मोटार पुढे घातली नाही.

स्टेशनच्या बाहेर हिंदुराव रिकामी गाडी झाडाखाली लावत होता. म्हणाला, गेली जी. आत्ताच. पोर दारातनं बघत व्हती.

त्याला म्हणावं असं वाटलं. तुझ्या बैलाची काही चूक नव्हती. म्हणजे तेच वाक्य, दुसऱ्या शब्दांत. मी विचारलं, बैलाला पाणी पाजलंस का? तो म्हणाला, पाजलं.

घरी आलो. गाडीला ओरखडा नाही.

३१ डिसेंबर, शनिवार.

मोटार लेखूमलकडे पाठवून दिली. नवीन वर्षाचे संकल्प लिहायचे होते. सुचले नाहीत.

८ जानेवारी १९५६, रविवार.

काल कुमुदिनीचं पत्र आलं. पाकीट आहे, कार्ड नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात पाय सरळ होईल, थोडं लंगडेल. शाळेत नाव घातलं. पुढे लिहिते, 'आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, हे कसं झालं. मी सांगणार तेवढ्यात उमाच म्हणाली, बैल उधळला, माझ्या बाबांची काही चूक नव्हती, ते अगदी सावकाश चालवत होते. डॉक्टरांनी लिहून घेतलं. मी मध्ये पडले नाही. नंतर मी तिला विचारलं, उमे, खरं काय ते तुला आठवत नाही का? ती म्हणाली, आठवतं, पण बाबांना तसंच सांगितलेलं आवडतं. मी नीट सांगितलं असं बाबांना कळव, असा तिचा निरोप आहे, म्हणून कळवते.'

मी केव्हा येणार, ते विचारलेलं नाही.

आज सकाळी सातला उत्तर लिहायला बसलो. 'चि. उमास अनेक आशीर्वाद. बैल उधळला नव्हता.'

आता दिवेलागण झाली. इथपर्यंत लिहून झालं आहे.